आकाश निरभ्र, घड्याळ बंद: ल जाँती आणि शुक्राच्या दोन अधिक्रमणांचे प्रकरण

गियोम ल जाँतीची गोष्ट सांगायची एक ठरलेली तऱ्हा आहे. फ्रान्समधला एक खगोलशास्त्रज्ञ शुक्राचे अधिक्रमण, म्हणजे शुक्राचा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत जाताना, पाहायला हिंदुस्थानाकडे निघतो. लढाईमुळे पहिली संधी हुकते. दुसरीसाठी तो आठ वर्षे परमुलखात थांबतो आणि ऐन घटकेला ढग आडवा येतो. घरी परततो तर वारसांनी त्याला मेला असे धरून मालमत्तेवर हक्क सांगितलेला. ऐकणारा "काय नशीब!" म्हणून हळहळतो आणि विषय तिथेच संपतो.

तारखा, वेळा आणि नकाशा समोर घेऊन बसले की ही हळहळ चुकीच्या जागी खर्च होते असे दिसते. ज्या ढगाची एवढी चर्चा होते त्या 1769 सालच्या ढगाआधीचे जवळजवळ सगळे निर्णय योग्य होते. गाडी घसरली ती 1761 मध्ये, आणि त्या दिवशी आकाशात ढग नव्हता.

काय मोजायचे होते

पृथ्वीपासून सूर्य किती लांब, हा अठराव्या शतकात अडून बसलेला प्रश्न होता. केप्लरच्या नियमांमुळे ग्रहांच्या अंतरांचे आपापसातले प्रमाण ठाऊक होते: पृथ्वीचे अंतर 1 धरले तर शुक्राचे 0.72, गुरूचे 5.2. पण मैलांत म्हणाल तर एकही अंतर खात्रीचे नव्हते. नकाशा रेखीव काढलेला, खाली प्रमाणपट्टीच नाही, अशी गत.

एडमंड हॅलीने 1716 मध्ये यावर तोड सुचवली. शुक्र सूर्यबिंबावरून सरकत जातो तेव्हा पृथ्वीवर दूरदूरच्या ठिकाणी बसून वेळा टिपायच्या. पाहणाऱ्याची जागा बदलली की जवळची वस्तू दूरच्या पार्श्वभूमीवर सरकल्यासारखी दिसते. या लंबनामुळे शुक्राचा बिंबावरचा मार्ग जरा वरखाली होतो, त्यामुळे त्या रेषेची लांबी बदलते आणि ती ओलांडायला लागणारा वेळही. इवलासा कोन मोजण्यापेक्षा वेळ मोजणे सोपे, ही यातली खरी मेख. हॅलीचा दावा होता की असे केले तर सूर्याचे अंतर पाचशेत एक इतक्या चुकीपर्यंत काढता येईल.

पंचांग उघडून ग्रहण पाहणाऱ्याला या वेळा परक्या नाहीत. खग्रास ग्रहणाला स्पर्श, संमीलन, उन्मीलन आणि मोक्ष असतात, तशाच अधिक्रमणालाही चार वेळा असतात: शुक्राचा ठिपका सूर्याच्या कडेला बाहेरून टेकतो, पूर्ण आत येतो, आतून दुसऱ्या कडेला टेकतो आणि बाहेर पडतो. कामाच्या त्या मधल्या दोन. इथेही एक अडचण आहे. शुक्र कडेपासून सुटताना शाईचा थेंब बोरूच्या टोकाला चिकटून राहावा तसा काळा पूल मध्ये ताणला जातो, आणि "आता सुटला" हा क्षण नेमका कोणता ते ठरवता येत नाही. 1769 मध्ये ताहितीला जेम्स कुक आणि चार्ल्स ग्रीन एकाच जागी दुर्बिणी लावून बसले होते, तरी दोघांच्या वेळा जुळल्या नाहीत.

आता थोडे आकडे, कारण पुढचे सगळे प्रकरण त्यांवर उभे आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. शुक्र सूर्यबिंबावरून तासाला साधारण 4 कला, म्हणजे मिनिटाला 4 विकला सरकतो. सूर्याच्या पार्श्वभूमीवर शुक्राचे लंबन जास्तीत जास्त 22 विकलांच्या आसपास. म्हणजे कोणत्याही एका ठिकाणी स्पर्शाची वेळ लंबनामुळे साधारण पाच-सहा मिनिटे मागेपुढे होणार. पाच-सहा मिनिटांचा तो फरक एक-दोन सेकंदांच्या अचूकतेने पकडायचा.

त्यासाठी वाटा दोन. हॅलीची वाट: आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची अशा दोन्ही वेळा घ्या आणि मधला काळ मोजा. यात रेखांश काटेकोर लागत नाही, पण सहा तास सेकंदाला पक्के राहणारे घड्याळ लागते आणि पूर्ण अधिक्रमण दिसेल अशी जागा लागते. दुसरी वाट ल जाँतीचा गुरू जोसेफ-निकोला दलील याची: एकच वेळ मिळाली तरी चालेल, मात्र तुमच्या जागेचे रेखांश अचूक हवेत, कारण दोन ठिकाणच्या स्थानिक वेळा एका मापावर आणायच्या असतात. रेखांशात 1 अंशाची चूक झाली की वेळेत 4 मिनिटांची होते. जो परिणाम मोजायला आलो तोच मुळात पाच-सहा मिनिटांचा, हे ध्यानात ठेवावे.

अधिक्रमणे जोडीने येतात. दोघांत आठ वर्षांचे अंतर, आणि मग शंभराहून अधिक वर्षे काही नाही. 1639 चे इंग्लंडात जेरेमाया हॉरॉक्स आणि त्याच्या एका मित्राने पाहिले होते. त्यानंतरची जोडी 6 जून 1761 आणि 3 जून 1769 ची. ती गेली की थेट 1874.

जागा पाँडिचेरीच का

1725 मध्ये नॉर्मंडीतल्या कुतांस गावी जन्मलेला ल जाँती आधी धर्मशास्त्र शिकायला पॅरिसला आला, दलीलच्या व्याख्यानांना जाऊ लागला आणि तिकडचाच झाला. 1753 मध्ये तो विज्ञान अकादमीत होता. 1761 च्या अधिक्रमणासाठी अकादमीने त्याला पाँडिचेरी दिली.

निवड चोख होती. त्या दिवशी पाँडिचेरीच्या स्थानिक वेळेने शुक्र सकाळी साडेसातच्या सुमारास आत शिरणार आणि दुपारी दोनच्या आसपास बाहेर पडणार होता, म्हणजे सगळा प्रवास उजेडात आणि सूर्य चांगला वर. शिवाय हवामान. जूनचा पहिला आठवडा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रोहिणी संपून मृग लागायचे दिवस आणि भरून आलेले आभाळ येते, आणि माहे किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर ते तसेच असते. पण चोळमंडलाचा किनारा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. त्याचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. जूनमधली तिथली सकाळ बहुतेक वेळा कोरडी आणि स्वच्छ असते. किनारा हिंदुस्थानाचाच हवा होता, पण पूर्वेचा.

गलबत, वारा आणि उशिरा पोचलेली बातमी

26 मार्च 1760 रोजी तो फ्रेंच कंपनीच्या 'बेरिए' या गलबतातून निघाला आणि केपला वळसा घालून 10 जुलैला ईल द फ्रान्सला, म्हणजे आजच्या मॉरिशसला, पोचला. अधिक्रमणाला अजून अकरा महिने होते. इथवर सगळे वेळेआधी.

पुढे जायला मात्र गलबत मिळेना. युरोपात सप्तवार्षिक युद्ध पेटले होते आणि चोळमंडलावर इंग्रज-फ्रेंच एकमेकांना भिडलेले. ल जाँती आमांशाने आजारी पडला. मधल्या काळात त्याच्या मनात रॉड्रिगेज बेटाचा विचार येऊन गेला. तिथे अकादमीचा दुसरा माणूस, पँग्रे, येणारच होता. अखेर पाँडिचेरीच्या मदतीला 'सिल्फीद' ही युद्धनौका निघते आहे असे कळले आणि 11 मार्च 1761 ला तो तिच्यावर चढला.

इथे तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आणि त्या सुट्या करून पाहायला हव्यात.

पहिली, वारा. हिंदी महासागरात नैऋत्येचा वारा धरून बसतो तो मेअखेरीस. मार्चमध्ये विषुववृत्ताच्या उत्तरेला अजून ईशान्येचाच वारा वाहत असतो, म्हणजे मॉरिशसहून हिंदुस्थानाकडे येणाऱ्याच्या थेट तोंडावर. शिडाच्या जहाजाला तेव्हा सरळ रस्ता नसतो. 'सिल्फीद' आठवडेच्या आठवडे अरबी समुद्रात भरकटली.

दुसरी, बातमी. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झाले आणि दोनच दिवसांनी, 16 जानेवारीला, पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. (पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी पाँडिचेरीच्या फ्रेंचांच्याच, बुसीच्या, तालमीत तयार झालेला. त्या एका आठवड्यात फ्रेंच कवायतीचे उत्तरेतले आणि दक्षिणेतले दोन्ही डाव उधळले.) 'सिल्फीद' निघाली तेव्हा शहर पडून जवळजवळ आठ आठवडे झाले होते आणि मॉरिशसला त्याचा पत्ता नव्हता. ज्या शहराला वाचवायला जहाज निघाले ते शहर पुसले जात होते. 24 मेला माहेजवळ ही बातमी कळली, आणि माहेही गेल्याचे कळले. कप्तानाने जहाज वळवले.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: जहाज ल जाँतीच्या हातात नव्हते. ते लष्करी कामावर होते आणि तो त्यावरचा पाहुणा. "मला वाटेत कुठल्याही जमिनीवर उतरवा" असे म्हणायची त्याची सोय नव्हती.

6 जून 1761

अधिक्रमणाच्या दिवशी 'सिल्फीद' परतीच्या वाटेवर भर समुद्रात होती. आकाश स्वच्छ होते. ल जाँतीने 15 फुटी दुर्बीण डेकवर लावली, शुक्राला आत शिरताना पाहिले, बाहेर पडताना पाहिले, दोन्ही वेळा लिहून ठेवल्या. त्यांचा काही उपयोग नाही हे लिहितानाच त्याला ठाऊक होते.

का, ते पाहू. दलीलची वाट बंद, कारण समुद्रावर रेखांश काढायचे खात्रीचे साधनच तेव्हा नव्हते. वेगाचा आणि दिशेचा अंदाज धरून काढलेल्या रेखांशात अंश-दोन अंशांची चूक नेहमीचीच, म्हणजे वेळेत 4 ते 8 मिनिटे. जे मोजायचे त्याच्याइतकीच किंवा त्याहून मोठी चूक. हॅलीच्या वाटेला रेखांशाची एवढी गरज नाही, पण तिला घड्याळ लागते. सेकंदाला पक्के घड्याळ म्हणजे त्या काळी लंबकाचे घड्याळ, आणि हेलकावणाऱ्या जहाजावर लंबक नीट झुलत नाही. त्यातच जहाज थांबलेले नसते. ताशी 4 सागरी मैलांनी जरी ते पूर्व-पश्चिम सरकले तरी सहा तासांत 24 मैल होतात. विषुववृत्ताजवळ त्याचा अर्थ 24 कला रेखांश, म्हणजे स्थानिक वेळेत 96 सेकंद. आणि 15 फुटांची नळी डुलत्या डेकवर धरून शुक्राचा ठिपका कडेपासून सुटल्याचा क्षण पकडायचा, हे तर वेगळेच.

या तारखेला लागून एक गंमत आहे. जॉन हॅरिसनचे चौथे सागरी घड्याळ त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला पोर्ट्समथहून जमैकाच्या चाचणीला निघाले आणि 81 दिवसांत अवघे 5 सेकंद मागे पडले. म्हणजे जहाजावर सेकंद राखणारे यंत्र जगात तयार होते, लंडनमध्ये होते, आणि शत्रूकडे होते.

याच वेळचे दुसरे उदाहरण शेजारी ठेवले की 1761 चा दोष नीट दिसतो. इंग्रजांनी चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन यांना सुमात्रातल्या बेंकूलेनला धाडले होते. इंग्लिश खाडीतून बाहेर पडताच फ्रेंच युद्धनौकेशी चकमक झाली, 11 माणसे मेली, जहाज दुरुस्तीला परत. पुन्हा निघाले तेव्हा बेंकूलेनला वेळेत पोचणे अशक्य होते, आणि तेही फ्रेंचांनी घेतले होते. एप्रिलअखेरीस केप ऑफ गुड होपला पोचताच ते तिथेच उतरले, वेधशाळा उभारली, घड्याळ लावले, ताऱ्यांवरून ते तपासत राहिले. दक्षिण गोलार्धातली त्या वर्षीची सर्वांत चांगली निरीक्षणे त्यांची. ठरलेली जागा हुकली, पण पायाखाली जमीन होती.

ल जाँतीला असे करता आले असते का? मॉरिशसवर थांबला असता तर सूर्योदयाआधीच शुक्र आत शिरलेला असता. त्याच्या वाट्याला फक्त बाहेर पडणे आले असते. अर्धे निरीक्षण. पण मॉरिशसचे रेखांश आठ-नऊ महिने बसून गुरूच्या उपग्रहांवरून काढता आले असते, आणि मग दलीलच्या रीतीने ते अर्धे निरीक्षण पुरेसे होते. पूर्ण अधिक्रमणाच्या आशेने त्याने हातचे अर्धे सोडले. पाँडिचेरी पडल्याचे त्याला माहीत नव्हते हे खरे. पण वेढ्यात सापडलेल्या शहराकडे, उलट्या वाऱ्यात, दुसऱ्याच्या जहाजावर निघालो आहोत हे माहीत होते. या सगळ्या प्रकरणात त्याच्या पदरी बांधता येईल अशी चूक ही एवढीच.

मधली वर्षे

23 जूनला तो मॉरिशसला परत आला आणि 1769 पर्यंत इकडेच राहायचे ठरवले. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्याचा नकाशा, वारे, भरती-ओहोटी, वनस्पती, माणसे, जे दिसेल ते नोंदवले. हे काम स्वतंत्र लेखाचे आहे. आपल्याला 1766 पासून पुढचे हवे.

मनिला की पाँडिचेरी

दुसऱ्या अधिक्रमणाच्या वेळी हिंदी महासागराच्या बाजूने शुक्र आत शिरताना दिसणारच नव्हता. तेव्हा तिकडे रात्र. सूर्य उगवेल तो शुक्राला पोटात घेऊनच, आणि फक्त बाहेर पडणे दिसेल. म्हणजे या वेळी वाट दलीलची, आणि सगळा भर रेखांशावर.

ल जाँतीने गणित मांडून मनिला निवडली आणि एका स्पॅनिश जहाजाने ऑगस्ट 1766 मध्ये तिथे पोचलाही. पण तिथल्या गव्हर्नरला त्याचा संशय. त्याच्या शिफारशीची पत्रे माद्रिदहून इतक्या लवकर कशी आली, बनावट तर नाहीत? अकादमीची पसंतीही पाँडिचेरीलाच होती, आणि 1763 च्या तहाने ते शहर फ्रेंचांना परत मिळाले होते. 1768 च्या सुरुवातीला त्याने मनिला सोडली.

मागाहून मनिलाला आकाश स्वच्छ राहिले, म्हणून ही त्याची घोडचूक ठरवली जाते. निकालावरून निर्णय जोखायची ही सवय जरा बाजूला ठेवून तराजूत काय काय होते ते पाहू.

हवामान: मनिलाचा पावसाळा जूनच्या आसपासच सुरू होतो, पाँडिचेरीचा नाही. पारडे पाँडिचेरीकडे.

भूमिती: सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा लंबनाचा परिणाम मोठा. पाँडिचेरीला शुक्र बाहेर पडणार तो सकाळी सातच्या जरा आधी, सूर्योदयानंतर सव्वा तासाने; मनिलाला साडेनऊच्या सुमारास. इथेही पाँडिचेरी, पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की सव्वा तासात आकाश निवळायला वेळ मिळत नाही. मनिलात उगवतीचे ढग विरायला चार तास होते. माझ्या मते पाँडिचेरीच्या विरुद्ध जाणारा खरा मुद्दा हा एकच.

सोय: मनिलात संशयी गव्हर्नर, पाँडिचेरीत गव्हर्नर जाँ लॉ द लोरिस्तों, जो मदतीला तत्पर. पुन्हा पाँडिचेरी.

तेव्हा त्याच माहितीवर आज कोणी निवड करायला बसला तर बहुधा हेच गाव निवडेल.

तयारी

27 मार्च 1768 ला तो पाँडिचेरीत उतरला. इंग्रजांनी शहर जमीनदोस्त केले होते. गव्हर्नरने जुन्या किल्ल्याच्या ढिगाऱ्यात जागा दिली. तिथल्या भक्कम दगडी कमानींवर वेधशाळा बांधली गेली. खालच्या तळघरात बारूद भरलेली असे. त्याचे आपल्याला काही वाटत नसे, असे तो लिहितो.

हाताशी वर्षभराहून अधिक काळ होता आणि त्याने तो सत्कारणी लावला. लंबकाचे घड्याळ पक्क्या बांधकामावर बसवून ताऱ्यांशी ताडत राहिला. अक्षांश काढले, रेखांश काढले. मद्रासच्या इंग्रजांनी, आठ वर्षांपूर्वी ज्यांनी याच गावाला वेढा घातला होता त्यांनी, 3 फुटी उत्तम वर्णदोषरहित दुर्बीण उसनी पाठवली. 1761 मध्ये ज्याची ज्याची उणीव होती, जमीन, घड्याळ, रेखांश, ते सगळे आता जागेवर होते. उरले आकाश. संपूर्ण मे महिना सकाळी लख्ख उघडीप.

4 जून 1769, पहाट

तारखेबद्दल एक खुलासा, कारण इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. पुस्तकांत 3 जून असते, पाँडिचेरीत मात्र तो दिवस 4 जूनचा होता. खगोलशास्त्रज्ञांचा दिवस तेव्हा दुपारी बारापासून मोजत, त्यामुळे 4 तारखेची सकाळ त्यांच्या वहीत 3 तारखेचीच.

पहाटे दोनला त्याला जाग आली ती आग्नेयेकडून येणाऱ्या, वाळूच्या दांड्यावर आपटणाऱ्या समुद्राच्या आवाजाने. तो खूश झाला. त्या किनाऱ्यावर आग्नेयेच्या वाऱ्याला किनाऱ्याचा झाडू म्हणत. तो वाहिला की आभाळ साफ होते हे वर्षभरात त्याला अनुभवाने कळले होते. उठून पाहतो तर सगळे आकाश झाकलेले, आणि वारा ठप्प. पाचनंतर हवा हलली ती झाडू होऊन नाही. सोसाट्याचा झोत आला, समुद्र फेसाने पांढरा झाला, हवेत वाळू आणि धूळ. सहाच्या सुमारास वारा पडला, ढग तिथेच. सातला तीन-चार मिनिटे कमी असताना, शुक्र बाहेर पडायच्या नेमक्या वेळी, आभाळात जरा पांढुरके दिसले. सूर्य कुठे असेल एवढा अंदाज त्यावरून येत होता. दुर्बिणीतून काही नाही. मग वारा हळूहळू फिरला, ढग विरळ झाले आणि सूर्य झळझळीत बाहेर आला. दिवसभर तो लख्ख होता.

पुढे दोन आठवड्यांहून अधिक काळ त्याला वही उघडवली नाही. लेखणी हातातून गळून पडे, असे त्याने लिहून ठेवले आहे.

मनिलात त्याच्या ओळखीच्या एका धर्मगुरूने त्याच्याकडून शिकलेल्या रीतीने निरीक्षण घेतले, स्वच्छ आकाशात.

कवड्यांचा हिशेब

पाँडिचेरीतले जे काम आज सर्वांत मोलाचे वाटते ते अधिक्रमणाचे नव्हेच. तिथले तमिळ जोशी ग्रहणाचे गणित करतात हे ऐकून ल जाँतीने ते शिकून घ्यायचे ठरवले. वही नाही, कोष्टक नाही. जमिनीवर कवड्या मांडायच्या, त्या उचलायच्या-सरकवायच्या आणि तोंडाने वाक्ये म्हणायची. त्याने गणिताला एक चंद्रग्रहण दिले. पाऊण तासाच्या आत उत्तर आले.

ही वाक्ये म्हणजे काय ते एक उदाहरण घेऊन पाहावे. दक्षिणेत वररुचीच्या नावावर 248 चांद्रवाक्ये चालत आली आहेत. 248 दिवसांत चंद्र नऊ वेळा मंदगतीपासून (तो सर्वांत हळू चालतो तिथपासून) पुन्हा मंदगतीपर्यंत येतो, म्हणून चक्र 248 चे. पहिले वाक्य आहे 'गीर्नः श्रेयः'. कटपयादी, म्हणजे अक्षरांना अंक देणाऱ्या, पद्धतीने वाचायचे: ग म्हणजे 3, जोडाक्षरात शेवटचे व्यंजन धरायचे म्हणून 'र्न' चा न म्हणजे 0, 'श्रे' चा र म्हणजे 2, य म्हणजे 1. अंक उजवीकडून डावीकडे: 12 03. अर्थ, मंदगतीच्या पहिल्या दिवशी चंद्र 12 अंश 3 कला सरकतो. अशी 248 वाक्ये पाठ असली की कोणत्याही दिवसाचा चंद्र तोंडी सांगता येतो. कवड्या फक्त हातचे आणि बेरजा सांभाळायला. 12,372, 3,031 आणि 248 दिवसांची चक्रे वजा करत जायची रीत ल जाँतीने तपशिलाने लिहून घेतली.

आणि ताडूनही पाहिली. 30 ऑगस्ट 1765 च्या चंद्रग्रहणाचा काळ या तमिळ गणिताने 41 सेकंदांनी कमी येत होता. युरोपात तेव्हा सर्वोत्तम मानल्या जाणाऱ्या टोबियास मायरच्या कोष्टकांनी तो 68 सेकंदांनी जास्त येत होता. एका ग्रहणावरून पद्धतींची प्रतवारी लावू नये, हे खरेच. मायरची कोष्टके एकंदरीत कितीतरी सरस होती. पण परंपरेने पाठ केलेली वाक्ये इतकी जवळ येतात, हे पॅरिसला पुराव्यानिशी कळवणारा पहिल्या काही माणसांपैकी हा एक, आणि त्याच्या बहुतेक चरित्रांत त्याला एक ओळही मिळत नाही.

परतीचा रस्ता

1 मार्च 1770 ला पाँडिचेरी सुटली. पुन्हा आमांश, पुन्हा मॉरिशस. नोव्हेंबरमध्ये निघालेले जहाज वादळात सापडले, डोलकाठ्या मोडल्या, 1 जानेवारी 1771 ला परत मॉरिशस. मार्चअखेरीस एका स्पॅनिश जहाजाने जागा दिली, 1 ऑगस्टला कादिझ. तिथून जमिनीच्या रस्त्याने पिरेनीज ओलांडून 8 ऑक्टोबर 1771 ला सकाळी नऊ वाजता त्याने फ्रान्सच्या हद्दीत पाय ठेवला. गैरहजेरी 11 वर्षे 6 महिने 13 दिवस, हा हिशेब त्याचा स्वतःचा.

त्याची पत्रे वाटेत गडप झाली होती. तो मेला असे धरून वारस मालमत्तेच्या मागे लागले होते आणि अकादमीतली त्याची जागा दुसऱ्याला दिली गेली होती. ज्या माणसावर कारभार सोपवला होता त्याच्याकडून पैसे गेले. दावा लावला तो ल जाँती हरला आणि खर्चही त्याच्याच माथी बसला. राजाच्या हुकमाने अकादमीची जागा पुन्हा मिळाली. मग लग्न, एक मुलगी, आणि 1792 मध्ये मृत्यू. 1769 चे वेध घ्यायला कॅलिफोर्नियात गेलेला त्याचा सहकारी जाँ-बाप्तिस्त शाप द'ओतरोश निरीक्षण यशस्वी करून दोन महिन्यांत साथीच्या तापाने तिथेच दगावला होता.

सूर्याचे अंतर मात्र निघाले. 1769 च्या इतरांच्या वेळांवरून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांदने 1771 मध्ये ते सुमारे 15 कोटी 30 लाख किलोमीटर काढले. आजचा आकडा 14 कोटी 96 लाख. त्या हिशेबात ल जाँतीची एकही वेळ नाही.

त्याच्या प्रवासाचे दोन जाडजूड खंड 1779 आणि 1781 मध्ये निघाले. मान्सूनच्या वाऱ्यांची कोष्टके आहेत, पाँडिचेरीचे रेखांश आहेत, कवड्यांचे गणित आहे. आणि 4 जूनच्या सकाळचा वारा कोणत्या घटकेला कोणत्या दिशेचा होता, तेही आहे.